तिसऱ्या रांगेत बसून पाहिल्यावर

जुनी गाडी बदलायची असे ठरले आणि त्याच संध्याकाळी घरात दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, एवढा खर्च करायचाच आहे तर सरळ फुल-साइझ एसयूव्ही घ्यावी, म्हणजे पुन्हा जागेची ओरड नको. मिडसाइझ, म्हणजे मध्यम आकाराची, पुरे म्हणणाऱ्या दुसऱ्या तटात मी एकटीच होते, कारण ती गाडी रोज चालवायची आणि रोज कुठेतरी लावायची मलाच होती. पुढचे चार महिने मी ब्रोशर वाचली, टेस्ट ड्राइव्ह घेतल्या आणि मोजपट्टी घेऊन इतकी फिरले की शोरूममधील माणसे मला पाहताच हसू लागली. माझा अंदाज काही ठिकाणी बरोबर निघाला आणि दोन ठिकाणी साफ चुकला.

आधी नावांचा घोळ मिटवलेला बरा. मिडसाइझ आणि फुल-साइझ हे शब्द सगळीकडे एकाच अर्थाने वापरले जात नाहीत. काही बाजारपेठांत सव्वाचार मीटरच्या गाडीलाही मिडसाइझ म्हटले जाते, तर अमेरिकेत, जिथे ही वर्गवारी रुळली, तिथे मिडसाइझ म्हणजे साधारण 4.8 ते 5.1 मीटर लांबीची आणि फुल-साइझ म्हणजे साधारण 5.2 मीटर किंवा त्याहून लांब गाडी. मी इथे हीच मोजमापे धरली आहेत. उदाहरणादाखल, टोयोटा हायलँडर 4.95 मीटर, किया टेल्युराइड पाच मीटर, शेव्हरोले टाहो 5.35 मीटर आणि तिचीच थोरली बहीण सबर्बन 5.73 मीटर. सबर्बन हे नाव 1935 पासून चालत आले आहे, म्हणजे ‘एसयूव्ही’ हा शब्द लोकांच्या तोंडी बसण्याच्या कितीतरी आधीपासून.

लांबीतील हा फरक डोळ्यांना दिसतो. बांधणीतील फरक मात्र खाली वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. बहुतेक फुल-साइझ गाड्या आजही लॅडर फ्रेमवर उभ्या असतात, म्हणजे खाली शिडीसारखा पोलादी सांगाडा आणि त्यावर बोल्टने बसवलेली बॉडी. बहुतेक मिडसाइझ गाड्या मोनोकॉक असतात. त्यांत बॉडी हाच सांगाडा असतो. फोर्ड एक्सप्लोरर 1990 मध्ये आली तेव्हा फ्रेमवर होती आणि 2011 च्या मॉडेलपासून मोनोकॉक झाली, यावरूनच या वर्गाचा कल लक्षात यावा. फ्रेमची गाडी जड ओझे ओढते आणि खराब रस्त्यावरचा मार सोसते, पण वजनाने भारी असते. मोनोकॉक गाडी हलकी असते, वळणावर कमी झुकते आणि तिचा मजला खाली ठेवता येतो. या शेवटच्या गोष्टीकडे मी सुरुवातीला दुर्लक्ष केले होते. पुढे तीच सर्वांत महत्त्वाची ठरली, कारण तिसऱ्या रांगेतील माणसाचे सुखदुःख मजल्याच्या उंचीवर अवलंबून असते.

माझा पहिला अंदाज इथेच चुकला. गाडी जितकी मोठी तितकी तिसरी रांग ऐसपैस, असे मी गृहीत धरले होते. एका जुन्या फुल-साइझ गाडीच्या मागच्या रांगेत सासूबाईंना बसवले तेव्हा त्यांचे गुडघे जवळजवळ छातीशी आले. त्या म्हणाल्या, “अगं, इथे बसवून मला कुठे नेणार आहेस? उतरताना दोघांना ओढावं लागेल.” गाडी सव्वापाच मीटरच्या आसपास, आणि तरी ही अवस्था! कारण मागच्या चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल खड्ड्यावर अखंडच्या अखंड वरखाली होतो आणि त्याला हलायला जागा हवी म्हणून त्यावरचा मजला उंच ठेवावा लागतो. मजला उंच आणि आसन मात्र छतामुळे फार वर नेता येत नाही; मग पाय लांब करायला जागाच उरत नाही. टाहोच्या 2021 च्या मॉडेलमध्ये मागे स्वतंत्र सस्पेन्शन आले, म्हणजे प्रत्येक चाक आपापले वरखाली होऊ लागले, मजला खाली गेला, गाडी लांबही झाली आणि तिसऱ्या रांगेतील पायांची जागा सुमारे 63 सेंटिमीटरवरून 88 सेंटिमीटरच्या पुढे गेली. नाव तेच, पण मागे बसणाऱ्यासाठी गाडी निराळीच झाली. तेव्हा वापरलेली फुल-साइझ घेणाऱ्याने मॉडेलचे वर्ष आणि मागचे सस्पेन्शन पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मिडसाइझ गाड्यांतही हीच तफावत दिसते. हायलँडरच्या तिसऱ्या रांगेत पायांसाठी सुमारे 70 सेंटिमीटर जागा आहे, म्हणजे ती रांग मुलांसाठीच आहे असे समजावे. तिच्याच नावाला ग्रँड जोडून 2023 मध्ये आलेली गाडी केवळ सोळा-सतरा सेंटिमीटरने लांब आहे. तिथे हाच आकडा 85 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि मोठा माणूस तास-दोन तास तक्रार न करता बसू शकतो. मात्र आकड्यांवर विसंबून राहू नये, हे मला एका शोरूममध्ये उमगले. तिथल्या विक्रेत्याने मला मागे बसवण्याआधी मधली रांग सफाईने पार पुढे सरकवून ठेवली होती. मागे बसल्यावर मी खूश झाले. मग मधल्या रांगेत माझे यजमान बसायला गेले आणि त्यांचे गुडघे पुढच्या सीटवर टेकले. त्यानंतर आम्ही एक नियमच केला. आधी पुढची सीट चालकाच्या उंचीप्रमाणे लावायची, मग मधल्या रांगेत सर्वांत उंच माणूस बसवायचा आणि तो आरामात बसल्यावर जे उरेल ते तिसऱ्या रांगेचे. तिथे किमान दहा मिनिटे बसायचे, दार लावून घ्यायचे, एसीचा झोत मागे पोहोचतो का ते पाहायचे आणि शेवटी कोणाच्याही मदतीशिवाय उतरून दाखवायचे. या परीक्षेत चार गाड्या नापास झाल्या, त्यांपैकी एक फुल-साइझ होती.

डिकीच्या बाबतीत मोठ्या गाडीची बाजू भक्कम आहे, हे मान्य करावेच लागेल. तिन्ही रांगा उभ्या ठेवल्यावर हायलँडरमध्ये सुमारे 450 लिटर, टाहोमध्ये 720 लिटर आणि सबर्बनमध्ये जवळजवळ 1175 लिटर जागा उरते. सात माणसे आणि सात माणसांचे आठवडाभराचे सामान एकाच वेळी न्यायचे असेल, तर सबर्बनला तोड नाही. मिडसाइझमध्ये हाच प्रसंग आला की एक तर तिसऱ्या रांगेचा अर्धा भाग पाडून एक माणूस कमी करावा लागतो, किंवा टपावर कॅरिअर बसवावा लागतो. लिटरच्या आकड्यांत एक गोम आहे. काही कंपन्या छतापर्यंतची जागा मोजतात, तर काही एक लिटरचे लहान ठोकळे रचून आणि बहुधा सीटच्या पाठीच्या उंचीपर्यंतच मोजतात. त्यामुळे दोन निरनिराळ्या ब्रोशरांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे. आम्ही घरातील दोन मोठ्या बॅगा आणि बाळाची घडीची गाडी टेस्ट ड्राइव्हला सोबत नेली. एका मिडसाइझमध्ये सगळे बसले असे वाटले, पण दार लावताना बॅगेचे चाक नेमके मागच्या काचेवर टेकत होते. ही गोष्ट कोणत्याही आकड्यावरून कळली नसती.

माझा दुसरा अंदाज वजनाबाबत चुकला. मोठी गाडी म्हणजे हवे तेवढे भरा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात गाडीने एकूण किती वजन वाहायचे याला मर्यादा असते, आणि फुल-साइझ गाडी स्वतःच अडीच टनांच्या आसपास असल्यामुळे त्या मर्यादेचा मोठा भाग तिच्या स्वतःच्या वजनातच जातो. उरतो तो पेलोड, म्हणजे माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल तो आकडा. अनेक बाजारपेठांत तो चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर, टायरमधील हवेच्या दाबाशेजारीच छापलेला असतो. फुल-साइझमध्ये तो बहुधा 700 ते 800 किलोच्या घरात असतो. मिडसाइझच्या तुलनेत हा आकडा मोठा खरा, पण गाडीच्या रूपावरून वाटते तितका नव्हे.

ट्रेलर ओढायचा असेल तर हे गणित आणखी बदलते. सुसज्ज टाहो साधारण 3,800 किलोपर्यंत ओढू शकते, तर बहुतेक मिडसाइझ गाड्यांची मर्यादा 2,250 ते 2,550 किलोच्या दरम्यान येते. बोट, घोड्यांचा ट्रेलर किंवा मोठा कॅराव्हॅन नियमितपणे ओढणाऱ्यांनी हा लेख इथेच थांबवून फुल-साइझ बुक करावी. त्यांच्यापुढे खरा प्रश्न नाहीच. त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हुकावर येतो आणि तो पेलोडमधूनच वजा होतो. तीन टनांचा ट्रेलर आणि सातशे किलो पेलोड धरला, तर हुकावर तीनशे ते साडेचारशे किलो जातात. बाकीच्या वजनात सत्तर-सत्तर किलोची चार-पाच माणसे बसली की सामानासाठी फारसे काही शिल्लक राहत नाही. आमच्याकडे ओढायला काहीच नाही. मोठ्या गाडीच्या तटाने “पुढेमागे घेतलं तर?” असा मुद्दा काढला, पण काय घेणार हे त्या तटाला सांगता येईना.

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, गाडी लावणे. अनेक ठिकाणी पार्किंगची आखणी एका गाडीला अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब अशी असते. टाहोची रुंदी आरसे सोडून 2.06 मीटर आहे. गाडी अगदी मधोमध लावली तरी रेघेपर्यंत प्रत्येक बाजूला जेमतेम 22 सेंटिमीटर उरतात, आणि शेजारचाही तसाच असला तर दोन दारांत मिळून 44. एवढ्या फटीतून झोपलेल्या मुलाला उचलून बाहेर काढण्याचा प्रयत्न मी करून पाहिला आहे; दार उघडते, पण माणूस निघत नाही. 1.93 मीटर रुंदीच्या मिडसाइझमध्ये हेच अंतर 57 सेंटिमीटर होते, आणि त्या तेरा सेंटिमीटरांत कंबर वळवता येते. लांबीबद्दल बोलायलाच नको. सबर्बनचे नाक पाऊण मीटर बाहेर राहते. वळण्याच्या बाबतीत टाहोला मी दोष देणार नाही, कारण ती सुमारे बारा मीटरच्या वर्तुळात वळते आणि हायलँडरपेक्षा फरक एका मीटरहून कमी आहे. सबर्बनला मात्र तेरा मीटरांहून अधिक लागतात. टेस्ट ड्राइव्हमध्ये तळघरातील पार्किंगच्या उतारावर मला दोनदा मागेपुढे करावे लागले आणि शेजारी बसलेला विक्रेता श्वास रोखून खांबाकडे पाहत होता.

इंधनाचा हिशेब सरळ आहे. पेट्रोलवर चालणारी, आठ सिलिंडरची, चारही चाकांना जोर देणारी फुल-साइझ गाडी लिटरला साधारण सात-साडेसात किलोमीटर देते. पेट्रोल मिडसाइझ दहाच्या आसपास आणि हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड असलेली, मिडसाइझ पंधराच्या जवळ. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर धरले, तर अनुक्रमे सुमारे दोन हजार, दीड हजार आणि एक हजार लिटर. त्यात फुल-साइझचे टायर मोठे असल्यामुळे तेही महाग पडतात.

सुरक्षिततेबद्दल मात्र जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण मोठ्या गाडीच्या बाजूने तोच युक्तिवाद सर्वांत जोरात केला जातो. लहान गाडीशी टक्कर झाली तर जड गाडीतील माणसे जास्त सुरक्षित राहतात, हे भौतिकशास्त्र आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्याच भौतिकशास्त्रानुसार अडीच टनांच्या गाडीत दोन टनांच्या गाडीपेक्षा त्याच वेगाला सव्वापट ऊर्जा असते, आणि ती थांबवण्याचे काम ब्रेक आणि टायरना करावे लागते. शिवाय बाहेरच्या माणसाचे काय? अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ज्या गाड्यांच्या बॉनेटची पुढची कड चाळीस इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे एक मीटरपेक्षा उंच असते, त्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता बुटक्या आणि उतरत्या नाकाच्या गाड्यांच्या तुलनेत सुमारे 45 टक्क्यांनी अधिक आढळली. हे वाचल्यावर मी धाकट्या मुलाला एका फुल-साइझ गाडीच्या पुढ्यात उभे केले आणि चालकाच्या जागेवर बसले. मला त्याच्या टोपीचा गोंडासुद्धा दिसेना. तो दोन पावले, मग आणखी दोन पावले मागे गेला, तेव्हा कुठे टोपी दिसली. कॅमेरे असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही पुढचे दृश्य पडद्यावर पाहून घराबाहेर गाडी काढण्याची कल्पना मला रुचली नाही. काही मिडसाइझ गाड्यांचे बॉनेटही आता उंच आणि चौकोनी होऊ लागले आहे, तेव्हा हा प्रयोग तिथेही करावाच.

अखेर वाद एका वहीने मिटवला. सहा महिन्यांपासून मी गाडीतील प्रत्येक फेरीची नोंद ठेवत होते: तारीख, किती माणसे, सामान होते की नाही. पाचपेक्षा जास्त माणसे बसली असे दिवस अकरा भरले, आणि त्यांपैकी सामानासह असे फक्त चार. उरलेल्या दिवसांत बहुतेक वेळा मी एकटीच किंवा मी आणि एक मूल. वही जेवणाच्या टेबलावर ठेवली तेव्हा मोठ्या गाडीच्या तटातील दिरांनी ती दोनदा उलटून पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, या चार दिवसांत दोनदा तर मीच होतो आणि माझ्या बॅगा जास्त होत्या.” अकरापैकी नऊ-दहा दिवस सामानाचे निघाले असते, तर मी मुकाट्याने टाहोकडे वळले असते, हेही नमूद करते.

आम्ही लांबवलेल्या तिसऱ्या रांगेची हायब्रिड मिडसाइझ बुक केली आहे. त्या चार दिवसांसाठी टपावरचा बंद डबा घ्यायचा की भाड्याने आणायचा, हे ठरायचे आहे. त्याआधी टपाची भारमर्यादा मॅन्युअलमध्ये पाहावी लागेल, आणि टपावरचे वजनही पेलोडमध्येच मोजले जाते. सासूबाईंनी मधल्या रांगेतील उजवीकडची जागा आधीच सांगून ठेवली आहे.