दारातली कट-कट

मुलुंडहून एलबीएस रोडने भांडुपकडे जाताना गाडीच्या डाव्या मागच्या दारात कट-कट वाजायचं. पेव्हर ब्लॉक आले की जोरात, काँक्रीटवर गप्प. गॅरेजवाल्याने दार दोनदा आपटून निकाल दिला, "रबर गेलंय." बदललं. अठराशे रुपये गेले, कट-कट तशीच.

मग एका रविवारी आईला मागे बसवलं आणि सोसायटीमागच्या खडबडीत गल्लीत चकरा मारल्या. काच वर, मग अर्धी, मग पूर्ण खाली. काच किंवा ती उचलणारी मशीन सैल असती तर आवाज बदलला असता. काही फरक नाही. आईने आतलं पॅड तळहाताने दाबून धरलं, तरी तेच. पॅडच्या क्लिपांवरचा संशयही फिटला. मग ती कान लावून म्हणाली, "अरे, वर नाही, खाली वाजतंय. आणि पाणी आहे रे आत, हंड्यासारखं डुचमळतंय!"

मला कट-कटीच्या नादात ते ऐकूच आलं नव्हतं.

काचेवरून ओघळणारं थोडं पाणी दाराच्या पोटात उतरतंच, रबर सगळं अडवत नाही. ते निघून जायला दाराच्या खालच्या कडेला भोकं असतात. माझी चिखलाने गच्च बुजली होती. केबल टाय घालून कोरलं, तर तांब्याभर गंजकट पाणी चपलेवर.

डुचमळणं थांबलं, कट-कट उरली. हँडलमागच्या टोपणाखालचा स्क्रू, आर्मरेस्टमधला एक, मग पॅड खालून ओढून काढलं. दोन क्लिपा तुटल्या, त्या तुटतातच. काळ्या चिकट डिंकाने लावलेला प्लास्टिकचा पडदा अलगद सोडवला. आत स्पीकरच्या वायरीचा कनेक्टर मोकळा लोंबत होता, प्रत्येक खड्ड्याला पत्र्यावर टिचकी मारत. गेल्या वर्षी स्पीकर बदलून घेतला, तेव्हा बसवणाऱ्याने तो खोचलाच नसणार. कनेक्टरला कापडी टेप गुंडाळून वायरींच्या जुडग्याला बांधला. पडदा मात्र कडेकडेने नीट दाबून बसवला. तिथे फट राहिली की पाणी थेट पायाखालच्या कार्पेटमध्ये.

नव्या क्लिपा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाल्या. दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलंच नाही, म्हणाला, "नमुना दाखवा." तुटकी खिशात होती म्हणून बरं.