मी अमिगो

परवा लेकीला घेऊन एंडक्लिफ पार्कात गेले होते. इंग्लंडमधल्या शेफिल्डला आल्यापासून ही आमची घरची बाग झाली आहे. मधून पोर्टर ब्रूक नावाचा ओढा वाहतो आणि तो ओलांडायला दगड मांडले आहेत. बदकांना दाणे टाकून झाले की कॅफेत गरम चॉकलेट घ्यायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. कॅफेच्या मागे झाडीचा चढ आहे आणि तिथे एक स्मारकशिळा. त्या दिवशी लेक थेट तिच्यापाशी गेली. नुकतीच वाचायला शिकली आहे, त्यामुळे दिसेल ते वाचते.

"आई, हे मराठी आहे? इथे 'मी' लिहिलंय."

'मी अमिगो'. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ 'माझा मित्र'. हे एका विमानाचं नाव होतं. तिला गोष्ट सांगताना वाटलं, तुम्हालाही सांगावी.

२२ फेब्रुवारी १९४४, मंगळवार. इथून दक्षिणेला नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या चेल्व्हस्टन तळावरून अमेरिकी हवाई दलाच्या ३०५व्या बॉम्बर गटाची बी-१७ विमानं निघाली. चार इंजिनांचं हे अवजड विमान 'फ्लाइंग फोर्ट्रेस', म्हणजे उडता किल्ला, म्हणून ओळखलं जाई. जर्मनीचे विमान कारखाने मोडून काढण्यासाठी त्या आठवड्यात दोस्त राष्ट्रांनी मोठी मोहीम उघडली होती. या गटाचं लक्ष्य मात्र जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमधला आल्बोर्गचा विमानतळ होतं. जर्मन लढाऊ विमानं उत्तरेकडे गुंतून राहावीत, हाही त्यामागे हेतू होता. आल्बोर्गवर ढग दाटलेले होते, आणि त्यात जर्मन विमानांनी गाठलं. 'मी अमिगो' जबर जखमी झालं.

या विमानांमधली माणसं कशी बसत असत, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. विमानाला गरम हवेची सोय म्हणावी तशी नव्हती. वीस-पंचवीस हजार फुटांवर तापमान उणे चाळीसच्या आसपास जाई. कुशीतल्या खिडक्या उघड्या, तिथे उभं राहून मशीनगन चालवायची. तोंडाला ऑक्सिजनची नळी, अंगात विजेवर तापणारा पोशाख. उघड्या हाताने धातूला शिवलं तर कातडी चिकटायची. पोटाखाली काच आणि लोखंडाचा एक गोळा लटकलेला असे. त्यात एक जण गुडघे छातीशी घेऊन, गर्भातल्या बाळासारखा मुडपून बसे. 'मी अमिगो'मध्ये ती जागा केंटकीच्या चार्ल्स टटलची होती. असे तासन् तास, खाली नुसता समुद्र.

वैमानिक जॉन क्रीग्सहाउसर, मिसुरीतल्या सेंट लुइसचा, वय २३. माझा धाकटा भाऊ तेवीसचा होता तेव्हा आई त्याला रात्री साडेदहाला फोन करून घरी बोलवायची. शेजारी सहवैमानिक लाइल कर्टिस, मार्ग काढणारा जॉन हम्फ्री, बॉम्ब टाकणारा मेल्कोर हर्नांडेझ. शिवाय हॅरी एस्टाब्रुक्स, रॉबर्ट मेफिल्ड, व्हिटो अँब्रोझिओ, मॉरिस रॉबिन्स आणि जॉर्ज विल्यम्स.

मोडक्या विमानाने त्यांनी उत्तर समुद्र ओलांडला. इंग्लंडच्या किनाऱ्याच्या आत आले, पण आपला तळ मागे राहिला आणि ते भरकटत शेफिल्डवर पोहोचले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, घरांच्या ओळींमधल्या या एवढ्याशा हिरव्या तुकड्यापाशी, विमान झाडीच्या चढावर आदळलं आणि पेटलं. दहाच्या दहा गेले. खाली शहरातलं कोणी दगावलं नाही. क्रीग्सहाउसरला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळालं.

तेव्हा आठ वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे म्हातारा झाला, तरी त्या चढावर येत राहिला. पाला झाडायचा, शिळा पुसायचा, फुलं ठेवायचा. तो सांगायचा: "आम्ही पोरं गवतावर होतो. वैमानिक हात हलवत होता. आम्हाला वाटलं, तो आम्हाला हात दाखवतोय, म्हणून आम्हीही हलवला. तो बाजूला व्हा म्हणत होता." आपण गवतावर होतो म्हणून विमान तिथे उतरलं नाही, आपल्यामुळे ते मेले, हे ओझं त्याने आयुष्यभर वागवलं. आत नेमकं काय घडलं, हे सांगायला दहांपैकी एकही उरला नाही. पण मला त्या माणसाच्या झाडूवर पूर्ण विश्वास आहे.

त्या दहांना विमानांनी सलामी द्यावी, ही त्याची इच्छा २०१९ मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, पुरी झाली. २२ फेब्रुवारीला सकाळी पावणेनऊच्या सुमाराला अमेरिकी आणि ब्रिटिश हवाई दलांची विमानं पार्कावरून सलामी देत गेली. आम्हाला इथे येऊन सहाच महिने झाले होते. शेजारणीने ओढून नेलं म्हणून गेले. हजारो माणसं, खांद्यांवर पोरं. विमानं आली तेव्हा सगळं पार्क गप्प झालं. मीही रडले, आणि मला एकाचंही नाव तेव्हा माहीत नव्हतं.

मी माणगावची. आमच्याकडे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे, त्याच्यासमोरून शाळेत जायचो. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा मराठा रेजिमेंटचा जवान त्याच वर्षी, १० जुलै १९४४ ला, इटलीत लढताना गेला, बावीस वर्षांचा. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण शरीर सापडलं नाही. नाव इटलीतल्या कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर आहे. लहानपणी तो पुतळा रोजचा होता, त्यामुळे दिसतच नव्हता. इथे, परक्यांच्या शिळेपुढे उभी राहिले तेव्हा प्रथमच मनात आलं, की तिकडे कॅसिनोला त्यांच्या नावाची धूळ कोण पुसत असेल?

आईला फोनवर हे सगळं सांगितलं. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडून एक फूल ठेव गं त्या पोरांना."

इथे फेब्रुवारीत झेंडू कुठून आणणार? दुकानात डॅफोडिलच्या मुक्या कळ्यांच्या जुड्या होत्या, त्यातली एक घेतली. लेकीने दहा कळ्या मोजून शिळेपाशी ओळीने मांडल्या. दोन उरल्या.

"या त्या आजोबांच्या गावच्या दादासाठी," ती म्हणाली. आजोबांच्या गावचा दादा म्हणजे यशवंत घाडगे. त्या दोन कळ्या तिने घरी आणून खिडकीतल्या पेल्यात ठेवल्या. आज सकाळी त्यातली एक उमलली आहे.