चार्ज घेतल्यानंतरचे महिने

३१ मे २०२५ला आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सेवाज्येष्ठतेने शाळेचा कार्यभार माझ्याकडे आला. दक्षिण सोलापूर तालुका, सीना जिथे भीमेला मिळते त्या अंगाचं गाव, जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची शाळा. पट तिसाच्या जरा वर. इथल्या बऱ्याच घरांत आत कन्नड बोलतात आणि ओसरीवर मराठी. याच पट्ट्यात कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४०चा मराठी शिलालेख आहे, आणि आमच्या पहिलीच्या काही पोरांना मराठीतली साधी सूचना कळायला दिवाळी उजाडते.

चार्ज यादी रीतसर झाली. जनरल रजिस्टर, डेडस्टॉक, कॅशबुक, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराची साठा नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या. दोघांच्या सह्या झाल्या, चहा झाला. पण शाळा ज्यावर चालते ती गोष्ट यादीत नव्हतीच. ती सरांच्या डायरीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेली होती: पासवर्ड. शाळा-मुलांची माहिती भरायच्या यू-डायस प्लस या केंद्राच्या पोर्टलचा वेगळा, राज्याच्या सरल पोर्टलचा वेगळा, पोषण आहाराचा वेगळा. पहिल्यांदा लॉगिन करायला बसले तर ओटीपी गेला सरांच्या मोबाइलवर, आणि सर मुलीकडे पुण्याला. मग रोज सकाळी माझा फोन, आणि पलीकडून "थांबा हं बाई, चष्मा घेतो." ते चष्मा घेऊन येईपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली. शाळेच्या लॉगिनला जोडलेला मोबाइल क्रमांक पंचायत समितीतल्या गटाच्या, म्हणजे तालुक्याच्या लॉगिनवरून बदलून मिळतो, त्यासाठी कार्यभाराच्या आदेशाची झेरॉक्स आणि एक साधा अर्ज पुरतो. हे मला कुठल्याही पत्रात सापडलं नाही. शेजारच्या शाळेतल्या सरांनी एसटीची वाट बघताना सांगितलं.

बँकेचं काम त्यामानाने सरळ होतं. समितीच्या खात्यावर अध्यक्षांची आणि सचिव म्हणून मुख्याध्यापकाची सही चालते, त्यामुळे समितीचा ठराव, आदेश आणि दोघांचे फोटो दिले की झालं. हे लवकर उरकावं, कारण समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान याच वाटेने खर्ची पडतं. ते पटावर ठरतं. ३०पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. आमच्यासारख्या काठावरच्या शाळेत दोन-तीन पोरं कागदावरून गळाली की खडू, वीजबिल, नळदुरुस्ती सगळं पुढच्या साली दहा हजारांत बसवायचं. पुढे पोरांच्या नावांच्या दुरुस्तीमागे मी एवढी का लागले, त्याचं निम्मं कारण हे.

शाळा १६ जूनला सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी, १७ जूनला, तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय आला. पहिलीपासून सर्वसाधारणपणे हिंदी, पण वर्गातल्या किमान २० मुलांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर तिची सोय. शिक्षकांच्या मोबाइल ग्रुपवर यातलं पहिलं अर्धंच फिरत होतं. गावात दुसरं अर्धं कुणीतरी पोचवलं आणि पालक दारात आले, "मग आमच्या पोरांना कन्नड मिळंल काय हो बाई?" आता आमच्या अख्ख्या शाळेचा पट तिसावर, एका वर्गात २० मुलं कुठून आणायची? तरी त्यांच्यासमोर मूळ निर्णय उघडून ती ओळ वाचून दाखवली. नाराज झाले, पण माझ्यावर नाही. मी वेळापत्रक पेन्सिलीनेच आखलं. २९ जूनला १६ एप्रिलचा आणि १७ जूनचा असे दोन्ही निर्णय रद्द झाल्याची घोषणा झाली आणि ते पुसलंही.

तेव्हापासून सवय लावून घेतली: ग्रुपवरचा मेसेज ही फक्त वर्दी, वाचायचा तो मूळ शासन निर्णय. निर्णयाच्या शेवटी संकेतांक म्हणून एक लांबलचक आकडा असतो. त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. तो आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ प्रत मिळते. ज्या मेसेजला ना संकेतांक, ना जावक क्रमांक, ना सही, त्यावर मी शाळेत काही करत नाही, मग त्यापुढे 'तात्काळ' आणि 'अतिमहत्त्वाचे' कितीही वेळा लिहिलेलं असो. १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा निकाल आला तेव्हा याचा उपयोग झाला. "पास व्हा नाहीतर घरी बसा" एवढंच फिरत होतं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या एका मॅडमची निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, त्यांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. निकालात स्पष्ट आहे की ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं लागेल. पाच वर्षांहून कमी उरली असेल तर नोकरीला धक्का नाही, मात्र पदोन्नती हवी असेल तर परीक्षा आहेच. त्या मॅडमना पदोन्नती नकोच होती. मला मात्र परीक्षा आहे, पुस्तकं आणून ठेवलीत.

आता मुख्य काम. दर वर्षी ३० सप्टेंबरचा पट संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदं ते ठरवायला धरतात आणि त्यात आधार वैध असलेली मुलं बघतात. म्हणजे मूल रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पाढे म्हणतं, पण आधारवरचं नाव आणि यू-डायसमधलं नाव जुळलं नाही तर शिक्षकाच्या पदाच्या हिशेबात ते अडतं. अपार आयडी या विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचंही तेच, नाव जुळल्याशिवाय तो १२ अंकी क्रमांक तयारच होत नाही.

आमच्याकडे नावं न जुळण्याचं कारण चालीरीतीत आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर बहुतेकींचं इंडी नाहीतर विजयपूरकडचं. जन्माची नोंद तिथे, कन्नड आणि इंग्रजीत, तिकडच्या पद्धतीने: बाळाचं नाव आणि पुढे एखादं आद्याक्षर. त्यावर आधार निघतं. मूल सहा वर्षांनी आमच्याकडे येतं तेव्हा जनरल रजिस्टरला नाव चढतं मुलाचं, वडिलांचं, आडनाव. वर घरचं बोलावायचं नाव निराळंच. आधारवर महालक्ष्मी, रजिस्टरला लक्ष्मी, आणि हाक मारताना अक्कव्वा.

आधी वाटलं, आधार दुरुस्त करा म्हणावं पालकांना, संपलं. केंद्रप्रमुख साहेबांनी थांबवलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, त्यामुळे घाईने बदललं आणि परत चुकलं तर पोरगं दहावीला अडकतं. दुसरीकडे जनरल रजिस्टरमधली नोंदही मुख्याध्यापकाला परस्पर खोडता येत नाही, पुरावे लावून प्रस्ताव वर पाठवावा लागतो. त्यांनी सांगितलेला क्रम मी पाळला. आधी जन्मदाखला बघायचा. आधार त्याच्याशी जुळत नसेल तर आधार केंद्र, रजिस्टर जुळत नसेल तर प्रस्ताव, आणि दोन्ही बरोबर असून फक्त यू-डायसमध्ये टायपिंग चुकलं असेल तर ते शाळेत बसूनच. गंमत म्हणजे यादी लावल्यावर शेवटच्या प्रकारातलीच नावं जास्त निघाली. एका संध्याकाळी चहा गार होईस्तोवर ती मिटली.

उरलेल्यांत एक आजी होत्या, नातवाला घेऊन आलेल्या. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला, त्यांच्या घरात पाणी शिरलं. आधार कार्ड लॅमिनेशनमुळे वाचलं, पण जन्मदाखल्याचा लगदा झाला होता. त्यांनी तो लगदा सुकवून, ताटलीत ठेवून शाळेत आणला. ताटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "ह्यात्नं काय वाचता येतंय काय बघा की." शिक्का तेवढा निळा दिसत होता. मग प्रवेशाची जुनी फाइल काढली. सरांनी पहिलीच्या प्रवेशावेळी प्रत्येक दाखल्याची झेरॉक्स लावून ठेवलेली, तीत नोंदणी क्रमांक आणि तारीख स्वच्छ. तेवढ्यावर मुलाच्या मामाने तिकडून दुसरी प्रत काढून आणली. डायरीत पेन्सिलीने पासवर्ड लिहिणाऱ्या सरांना त्या दिवशी मी मुद्दाम फोन केला.

पोरांच्या बोटांच्या ठशांचा प्रश्न वेगळा. पाच वर्षांखालचं आधार ठशांशिवाय निघतं, पाच वर्षांनंतर ठसे आणि डोळे अद्ययावत करावे लागतात. १ ऑक्टोबर २०२५पासून ७ ते १५ वयाच्या मुलांना त्याचं शुल्क वर्षभरासाठी माफ केलंय. तरी शहरातल्या एका आधार केंद्रावर आमच्या पालकांकडून पैसे मागितले. मजुरी बुडवून, एसटीचं भाडं घालून गेलेली माणसं ती, देऊन मोकळी झाली असती. पण त्या वेळी मी सगळ्यांच्या हातात सूचनेची छापील प्रत दिली होती. ती दाखवल्यावर काम फुकट झालं. छापील कागदाला आपल्याकडे अजून वजन आहे, मोबाइलमधला दाखवला असता तर कुणी बघितला नसता.

नोव्हेंबरात ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्या. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, बीडकडची माणसं कोप्या घालून इथे चार-पाच महिने राहतात. त्यांची पोरं शाळेत घेताना कागदाची वाट बघायची नसते. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४मध्येच आहे. काही पोरांकडे स्थलांतर करताना गावच्या शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड होतं, ती पटकन बसली. एका चौथीतल्या मुलीकडे काहीच नव्हतं. तिला यू-डायसवर आपल्या शाळेत आणायचं तर तिचा कायम शिक्षण क्रमांक आणि जन्मतारीख हवी, आणि जुन्या शाळेने तिकडून सोडायला हवं. तिच्या बापाकडून शाळेचं नाव विचारून तिथल्या सरांचा नंबर मिळवला. सर आधी का-कू करायला लागले. "मॅडम, आमचा पट आधीच कमी आहे, पोरगी सोडली तर आमचं एक पद जाईल." मी म्हटलं, सर, ३० सप्टेंबर उलटलाय, यंदाच्या हिशेबात ती तुमचीच, आणि मार्चनंतर परत तुमच्याकडेच येणार. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "तुमचाही पट तिसावरच का?" संध्याकाळपर्यंत विनंती मंजूर झाली होती. पुढे ते तिच्या वाचनाची चौकशी करायला अधूनमधून फोन करत राहिले.

प्रशिक्षणांबद्दल विचाराल तर ती होतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षक आणि मुख्याध्यापकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचं सांगितलंय. शालेय नेतृत्वासाठी राज्यात छत्रपती संभाजीनगरची 'मिपा' ही शैक्षणिक नियोजन व प्रशासन संस्था आहे, जिल्ह्यात वेळापूरची 'डाएट' ही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. ही आमच्या तालुक्यापासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पंढरपूर ओलांडून. निपुण या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या प्रशिक्षणातून वाचनाच्या पातळ्या कशा तपासायच्या ते नीट कळलं, वर्गात रोज वापरते. नेतृत्वाच्या सत्रांत दूरदृष्टी, ध्येय, समाजसहभाग यावर चांगलं बोलतात, पण नव्या प्रभारीला पहिल्या आठवड्यात कुठल्या टेबलावर जायचं हे तिथे कुणी सांगत नाही. सोलापूरचे शिक्षक म्हटलं की बाहेरची माणसं माढ्याच्या परितेवाडीचं आणि २०२०च्या ग्लोबल टीचर प्राइझचं नाव काढतात. रणजितसिंह डिसले सरांचा आम्हाला अभिमान आहेच. पण आमच्यातल्या बहुतेकांचं वर्ष पासवर्ड आणि पट यांतच जातं. खरी मदत मला तीन माणसांकडून झाली: केंद्रप्रमुख, गट साधन केंद्रातला डाटा ऑपरेटर आणि शेजारचे सर. त्यातल्या ऑपरेटरवर सगळ्या तालुक्याचा भार. त्याला फोनवर "होत नाही ओ" म्हणण्यापेक्षा स्क्रीनचा फोटो, शाळेचा २७३०ने सुरू होणारा यू-डायस क्रमांक आणि मुलाचा क्रमांक एकाच मेसेजमध्ये पाठवला की दुपारपर्यंत उत्तर येतं. पुढे केंद्राच्या शिक्षण परिषदेत आम्ही शेवटचा तासभर लॅपटॉप उघडून बसायला मागितला. साहेबांनी दिला. भाषणांपेक्षा त्या तासाला गर्दी जास्त.

एक बाप अपारच्या संमतीपत्रावर सही करायला तयार झाला नाही. "पोराची माहिती कुठंकुठं जाणार, तुम्ही लिहून देता का?" म्हणाला. मला तसं लिहून देता येणार नव्हतं. अपार ऐच्छिक आहे, पालकाच्या संमतीनेच काढायचा आहे, त्यामुळे त्याला आग्रह केला नाही. आढावा बैठकीत आमची टक्केवारी शंभर का नाही असं विचारतील म्हणून त्याचा नकार त्याच्याकडूनच लेखी घेतला. त्याने कन्नडमध्ये लिहिला, खाली मराठीत सही केली. संमतीच्याच फाइलला तो लावलाय, पान क्रमांक घालून.