चाचणी ७: मोली का सोलत होतं ते सापडलं

अंतराळयानात वापरतात तसं, निर्वातातही चालणारं कोरडं वंगण म्हणून मोलिब्डेनम डायसल्फाइडची (थोडक्यात मोली) पावडर बेअरिंगवर चोळून पाहणं चाललंय. सहाव्या चाचणीत ६०८ या छोट्या बॉल बेअरिंगवरची तिची फिल्म पुन्हा सोलली, तेव्हा सगळा संशय पावडरीवर होता. पावडर निर्दोष निघाली. घोळ आयपीएचा (बेअरिंग धुण्याचं आयसोप्रोपिल अल्कोहोल), आणि त्याला साथ गोव्याच्या जुलैची.

रिग तोच. आडव्या शाफ्टला दोन ६०८, मध्ये ६० मिमी व्यासाची, १० मिमी जाड पितळी चकती. बाहेरून चुंबकाने ६०० आरपीएमला नेऊन सोडायची आणि थांबेपर्यंतचे सेकंद मोजायचे. (चुंबक लगेच मागे घ्या. जवळ राहिला तर पितळेत एडी करंट येतो, चकतीला ब्रेक लागतो आणि दोष बेअरिंगच्या माथी.) सहाव्यात सुरुवातीला १४० सेकंद मिळाले, वीस मिनिटं रनिंग-इन केल्यावर, म्हणजे फिरवून रुळवल्यावर, ५५. उघडून पाहिलं तर रेसमध्ये (गोळ्या फिरतात त्या खाचेत) काळ्या खपल्या, आणि खपल्यांच्या खालच्या अंगाला तांबूस झाक. मोली करडं-काळं असतं. तांबूस म्हणजे गंज, तोही फिल्मखाली. पावडर चोळण्याआधीच पोलाद ओलं होतं.

ओलं झालं ते धुताना. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. आयपीए उडताना धातूची उष्णता घेऊन जातं, आणि इथे दोन अंशांची घट झाली तरी पुरे. रेस ‘कोरडी’ दिसते त्याच क्षणी तिच्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसलेला असतो. ग्रीस काढलेलं साधं क्रोम स्टील, वर खारी हवा. गंजायला वेळ कितीसा लागणार! पुण्यात मार्चमध्ये हीच रीत बिनबोभाट चालते, म्हणून कोणाच्या सूचनांमध्ये हा मुद्दा सापडत नाही.

सातव्यासाठी क्रम बदलला. शील्ड (बाजूची पत्र्याची झाकणं) काढून धुणं: दोनदा पेट्रोल, एकदा अॅसिटोन, शेवटी ताज्या बाटलीतलं आयपीए. उघडी राहिलेली बाटली हवेतलं पाणी ओढते. मग कोरड्या नायट्रोजनच्या झोतात आयपीए पूर्ण उडू द्यायचं, आणि वास गेल्यावरच बेअरिंग ७० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा तास. आयपीएने ओलं बेअरिंग ओव्हनमध्ये गेलं तर भडका उडेल. बाहेर काढून कोमट असतानाच पावडर चोळायची, हाताने शंभरेक फेरे द्यायचे आणि सुटी पावडर झोताने उडवायची. इथे हात आखडता हवा: जास्तीची पावडर गोळ्यांखाली गोळा होऊन अडते. यानात स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून) चढवलेला थर जेमतेम एक मायक्रॉनचा असतो.

निकाल: सुरुवातीला १५०, दोन तासांनी १६५. वाढला!

ज्यांनी ग्रॅफाइट सुचवलं होतं, त्यांच्यासाठी: ग्रॅफाइटला घसरायला हवेतली वाफ लागते. म्हापशात ते सुरेख चालेल. निर्वातात स्वतः झिजून भुकटी होईल. मोलीचं नेमकं उलटं. आणि दुकानात ‘मोली’ म्हणून मिळतं ते बहुधा मोली घातलेलं ग्रीस असतं, ते इथे निरुपयोगी.

व्हॅक्यूम पंप मात्र तूर्त बाजूला. रोटरी व्हेन पंपात या हवेतली वाफ तेलात उतरते, म्हणून गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडा ठेवून अर्धा अर्धा तास चालवावा लागतो. वर पंपाच्या तेलाची वाफ चेंबरमध्ये येऊन फिल्म मळवते. कोरड्या नायट्रोजनमध्ये मोली जवळजवळ निर्वातासारखंच वागतं, तेव्हा वेर्ण्याहून आणलेला सिलिंडर आणि मॉलेक्युलर सीव्हची (ओल शोषणाऱ्या दाण्यांची) डबी एवढ्यावर भागेल. खोलीची खिडकी उघडी ठेवा, पाऊस आत आला तरी; नायट्रोजन गुदमरवतो आणि त्याला वास नसतो. वायूचा रोध निर्वातात नसतो, म्हणून नायट्रोजनमधले सेकंद नायट्रोजनमधल्याच सेकंदांशी ताडायचे.

पुढचा बेत ४४०सी स्टेनलेसच्या बेअरिंगचा होता. पण हे लिहिताना नासाचं गुरूकडे गेलेलं गॅलिलिओ यान आठवलं: १९८९ मध्ये उडालं, १९९१ मध्ये त्याचा छत्रीसारखा मोठा अँटेना पूर्ण उघडलाच नाही. ट्रकच्या प्रवासांत बरगड्यांच्या पिनांवरचं कोरडं वंगण घासून गेलं, हे त्याचं संभाव्य कारण मानलं गेलं. न फिरणाऱ्या बेअरिंगला नुसते हादरे बसले तर काय होतं, ते आधी पाहायला हवं. चाचणी ८ म्हणून बंद डबीत, सीव्हसकट, एक जोडी स्कूटरच्या डिकीत पणजी-फोंडा दहा फेऱ्या करील. दुसरी टेबलावर राहील. ४४०सी चवथीनंतर.