अकरा पानं, दहा शिक्के आणि लोरेली

जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, आत बँकेचं नाव, खाली शाखेचं. तो व्हिसाच्या अकरा कागदांवर उमटवून घ्यायच्या खटपटीत माझे 2018च्या एप्रिलचे आठ दिवस गेले. आता व्हिसा हातात आहे, विमानाचं तिकीट झालंय आणि 13 जुलैला मी ऱ्हाइनच्या काठावर असणार आहे. तरीही त्या शाखेसमोरून बस गेली की मी मान दुसरीकडे वळवतो.

कुठे चाललोय ते आधी सांगतो. जर्मनीत सांक्ट गोआर्सहाउझन नावाचं छोटं गाव आहे. त्याच्या डोक्यावर लोरेली हा 132 मीटर उंच कडा, आणि वर पठारावर खुलं नाट्यगृह. तिथे 2006 साली ‘नाइट ऑफ द प्रॉग’ हा प्रॉगचा, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक या लांबलचक रॉक गाण्यांच्या प्रकाराचा, संगीतमहोत्सव सुरू झाला. नावात एकच रात्र असली तरी यंदा 13, 14 आणि 15 जुलै 2018 असे तीन दिवस आहेत. मरिलियन या ब्रिटिश प्रॉग बँडने 1987 साली याच रंगमंचावर केलेल्या कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट मी कॉलेजात एका मित्राकडे इतक्या वेळा पाहिली की शेवटी पट्टीवर रेघा आल्या. तेव्हापासून ती जागा डोक्यात आहे. 2016 साली पुण्यातच वीकेंडर या संगीतमहोत्सवात स्टीव्हन विल्सन हा प्रॉगवाला गायक ऐकला आणि घरी येताना ठरवलं, आता लोरेली.

त्यात यंदा बिग बिग ट्रेन हा इंग्लंडचा प्रॉग बँड आहे. आजवर, म्हणजे 2018 पर्यंत, ही मंडळी फारशी घराबाहेर पडलेली नाहीत. कित्येक वर्षांनी 2015 साली लंडनला किंग्ज प्लेसमध्ये उभे राहिले, मग 2017 साली पुन्हा लंडनमध्येच. त्यांचं ‘ईस्ट कोस्ट रेसर’ हे पंधरा मिनिटांहून लांब गाणं मॅलार्ड नावाच्या वाफेच्या इंजिनावर आहे, ज्याने 1938 साली ताशी 126 मैल, म्हणजे 203 किलोमीटर वेग गाठला होता. माझे बाबा रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांना ते ऐकवलं तर सहाव्या मिनिटाला म्हणाले, “सगळं ठीक आहे, पण गाडी सुटते कधी?” मग शेवटपर्यंत ऐकलं मात्र.

तिकीट, विमान, विमा यांत काहीच अडलं नाही. विमा किमान 30,000 युरोचा लागतो, घरबसल्या मिळतो. फोटो 35 बाय 45 मिलिमीटरचा, फोटोवाल्याला “शेंगेन” (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) म्हटलं की पुरतं. अर्जाचे 2018 साली 60 युरो होते, म्हणजे पाच हजारांच्या आसपास. तेव्हा प्रवासाच्या आधी तीन महिन्यांहून लवकर अर्ज घेत नव्हते, म्हणून मी 2 मे, बुधवार, सकाळी साडेआठची वेळ घेतली. हाताशी बारा दिवस होते आणि उरलं होतं एकच काम, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट. यादीत एक बारीक ओळ होती: प्रत्येक पानावर बँकेचा सही-शिक्का.

20 एप्रिल, शुक्रवार. घराजवळ कोथरूडच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, “होम ब्रँचला जा.” माझी होम ब्रँच चिंचवडला, कारण पहिली नोकरी तिकडे होती आणि खातं हलवायचा आळस मी नऊ वर्षं केला. (हा आळस करू नका. परदेशी जायचा विचार मनात आला त्याच दिवशी खातं घराजवळ आणा.) तीन वाजता चिंचवडला पोचलो तर सहीचा अधिकार असलेले साहेब हाफ डे टाकून गेलेले. कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे आयपीएलचे सामने पुण्याला हलवले होते ना, त्यातला पहिला त्याच संध्याकाळी गहुंजेला होता. शिपाईमामांनी हे इतक्या कौतुकाने सांगितलं की रागावताही येईना.

सोमवारी साहेब होते. अंगाला उन्हाचा रापलेला रंग, चेहऱ्यावर समाधान. म्हणाले, प्रिंटर बंद आहे, तुम्हीच बाहेरून प्रिंट काढून आणा, मी सही करतो. समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नेट बँकिंग उघडून अकरा पानं छापली. वीस मिनिटांत परत आलो तर साहेब म्हणतात, “हे आमच्या सिस्टीममधून निघालेलं नाही. यावर शिक्का कसा मारू?”

“पण तुम्हीच सांगितलंत ना, बाहेरून आणा.”

“हो, पण हे बाहेरचं आहे.”

याला उत्तर काय द्यायचं, हे मला आजही सुचलेलं नाही.

मंगळवार-बुधवार ऑफिसातून हलता आलं नाही. गुरुवारी लिंक नव्हती. लिंक म्हणजे काय हे बँकेत कुणी सांगत नाही. पाऊस नसावा तशी ती नसते आणि सगळे शांतपणे बसून असतात. मी दीड तास बसलो. समोरच्या भिंतीवर बँकेची जाहिरात होती: आता सगळी बँक तुमच्या खिशात.

शुक्रवारी, 27 तारखेला, बाबा बरोबर आले. “तुला बोलता येत नाही,” एवढंच म्हणाले. आत गेल्यावर त्यांनी साहेबांना विचारलं, मूळचे कुठले? साहेब निघाले दौंडचे. बाबांची बारा वर्षं दौंडला गेलेली. पुढची दहा मिनिटं दौंड स्टेशनातल्या चहावर खर्ची पडली आणि अकराव्या मिनिटाला प्रिंटर सुरू झाला. सोमवारपासून तो खरंच बंद होता की नाही, ते मी विचारलं नाही.

शिक्क्याचं पॅड वाळलेलं. शिपाईमामांनी त्यावर बाटलीतून पाण्याचे दोन थेंब सोडले, बोटाने चोळले आणि धपाधप सुरुवात केली. शाई पातळ झाल्यामुळे पहिले शिक्के ओले आणि फुगीर, नंतरचे फिके. साहेबांनी खाली सह्या ठोकल्या. चार वाजता शटर अर्धं खाली आलं तेव्हा वाकून बाहेर पडलो आणि रसवंतीत दोघांनी दोन-दोन ग्लास उसाचा रस प्यायलो.

रात्री जेवण झाल्यावर पानं मोजली. सातव्या पानावर सही होती, शिक्का नव्हता. ओल्या शाईने सहावं आणि सातवं पान चिकटलं होतं, धपाट्यात एक निसटलं. कॅलेंडर पाहिलं. 28 चौथा शनिवार. 29 रविवार. 30 बुद्धपौर्णिमा. 1 मे महाराष्ट्र दिन. सलग चार दिवस बँक बंद, आणि पाचव्या दिवशी ती उघडायच्या आत माझी वेळ. सातव्या पानावर काय आहे म्हणून पाहिलं तर दूध, पेट्रोल, आणि बरोब्बर मधोमध लोरेलीच्या तिकिटाचे पैसे वजा झालेले.

ते चार दिवस मी कसे काढले हे बायकोला विचारा. मी एकदा ते पान सहाव्याला पुन्हा चिकटवून पाहिलं, एकदा दहाव्याच्या मागे लपवलं. बाबा म्हणाले, “जसं आहे तसं दे. खाडाखोड केलीस तर मात्र खरंच परत पाठवतील.” सल्ला बरोबर होता. पान जिथलं तिथे ठेवलं.

2 मेला व्हिसा केंद्रातल्या मुलीने स्टेटमेंटचा गठ्ठा उचलला, अंगठ्याने फर्रकन फिरवला, टाचणी लावली आणि बाजूला ठेवला. एकही शिक्का पाहिला नाही. ती अडली भलतीकडेच: “मधल्या तीन रात्री तुम्ही कुठे राहणार?” मी म्हटलं, तंबूत. तिने मान वर केली. सुदैवाने तंबूच्या जागेची पावती आणि पहिल्या-शेवटच्या रात्रीचं कोब्लेंझचं हॉटेल, दोन्ही छापून नेलं होतं. तंबूत राहणार असाल तर तोंडी सांगून भागत नाही, कागद लागतो. तो लावला, बोटांचे ठसे दिले, दहाच्या आत बाहेर.

राहून गेलेलं एक. हॉटेल शोधताना सांक्ट गोआर आणि सांक्ट गोआर्सहाउझन यांत गोंधळ करू नका. नावं सख्ख्या भावांसारखी, पण गावं नदीच्या दोन काठांना, आणि कोब्लेंझपासून माइन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही, फेरीबोटी आहेत. मी जवळजवळ चुकीच्या काठावर पैसे भरले होते. आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालणारा हवा, हे तर सगळ्यात आधी बघा. मी सगळ्यात शेवटी बघितलं.

पासपोर्ट मेच्या मध्यात आला. स्टिकरवरच्या तारखा बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचल्या. त्याच आठवड्यात बँकेचा मेसेज आला, आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल? अजून दिलेले नाहीत, विचार चालू आहे.

आता घरात वाद चाललाय तो सतरंजीचा. लोरेलीला बसायला दगडी पायऱ्या आहेत हे कळल्यावर बाबांनी सवाई गंधर्वला नेतो ती निळी सतरंजी काढून ठेवली आहे. तीन दिवस दगडावर बसायचं तर खाली काहीतरी हवंच, हे त्यांचं म्हणणं. मी म्हणतो बॅगेत वजन होतं. काल त्यांनी ती वजनकाट्यावर ठेवून दाखवली. एक किलो आठशे. तंबूचे खिळे काढले तर बसेल.