कळवळ्यानंतरचे काम

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या 10 व्या अध्यायातील शोमरोन्याला (शोमरोन प्रांतातील माणसाला) वाटेत पडलेल्या जखमी माणसाचा कळवळा आला, हे आपण उपदेशांत वारंवार ऐकतो. मला मात्र त्यापुढील तपशील अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याने जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार (चांदीची नाणी) देऊन, अधिक खर्च झाल्यास तो परतताना फेडण्याचे वचन दिले. (जखमीचे कूळ त्याने विचारल्याचा उल्लेखही नाही.) पुढे बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 6 मध्ये ग्रीकभाषी विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होत असल्याची कुरकुर झाली, तेव्हा ख्रिस्ती मंडळीने त्या कामासाठी सात जण निवडले, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांकडे वाटप सोपवले गेले.