ओलिंथसमधली दीड मीटरची गल्ली

नगररचनेच्या वर्गात प्राचीन ग्रीक शहर आलं की फळ्यावर दोनच गोष्टी उमटतात: हिप्पोडामस या इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातल्या ग्रीक नगररचनाकाराचं नाव आणि काटकोनात छेदणाऱ्या रेषा. आमचे बरेच सहकारी तेवढ्यावर पुढच्या धड्याकडे वळतात. सिसिलीतल्या मेगारा हायब्लेया या ग्रीक वसाहतीत आखीव रस्ते इसवी सनापूर्वी आठव्या शतकात होते, म्हणजे हिप्पोडामसच्या कितीतरी आधी. रेषा ओढणं ही त्या शहरांची खरी कमाई नव्हेच. म्हणून यंदा स्टुडिओत नकाशा बाजूला ठेवला आणि ओलिंथसमधला दहा घरांच्या एका गटाचं 1:100 प्रमाणातलं मॉडेल बांधायला घेतलं.

ओलिंथस उत्तर ग्रीसमधलं, खाल्किदिकीतलं. इ.स.पू. 432 मध्ये आसपासच्या गावांतली माणसं इथे एकत्र आली, टेकडीवर नवी वस्ती आखली गेली आणि इ.स.पू. 348 मध्ये मॅसिडोनियाच्या फिलिपने शहर उद्ध्वस्त केलं. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 1928 ते 1938 दरम्यान उत्खनन करून शंभरहून अधिक घरं उघडी केली. घरोघरची इतकी मोजमापं फार थोड्या ग्रीक शहरांची मिळतात.

गट सुमारे 86 × 35 मीटरचा. प्रत्येक प्लॉट जवळपास 17 मीटर चौरस. पाच-पाच घरांच्या दोन रांगा आणि मधोमध पूर्व-पश्चिम जाणारी सुमारे 1.4 मीटरची गल्ली. मुलांनी सवयीने दोन्ही रांगा पाठीला पाठ लावून, आरशातल्या प्रतिमेसारख्या मांडल्या. आजचा प्रत्येक लेआउट तसाच असतो. ओलिंथसमध्ये मात्र दोन्ही रांगांची अंगणं दक्षिणेलाच आहेत. उत्तरेच्या रांगेत दार उत्तरेच्या रस्त्यावर, तिथून बोळातून खोल्या ओलांडून अंगणात जायचं. रस्ता कुठेही असो, पडवी दक्षिणेकडेच बघणार.

असं का, ते छेद, म्हणजे घर उभं कापल्यासारखं चित्र, काढल्यावर दिसतं. अक्षांश 40.3. सर्वांत लहान दिवशी मध्यान्हीचा सूर्य फक्त 26 अंशांवर, सर्वांत मोठ्या दिवशी 73 वर. अंगणाच्या दक्षिण कडेपासून पडवीचं तोंड आम्ही 9 मीटरवर धरलं. दक्षिणेच्या रांगेपुढे 5 मीटरचा रस्ता आहे, त्यामुळे रस्त्यापलीकडची 6 मीटरची दुमजली भिंतही आड येत नाही. उत्तरेच्या रांगेपुढे मात्र गल्लीच तेवढी. पुढचं घर मागच्या बाजूला दुमजली असेल, तर सावली पडवीच्या तोंडावर 85 सेंटिमीटरपर्यंत चढते. एकमजली, 4 मीटरचं असेल तर पडवीपर्यंत पोचतच नाही.

पाण्याचा हिशेब तर याहून कसून केलेला. भिंती खाली दगडाच्या, वर कच्च्या विटांच्या. असल्या भिंतीच्या बुडाशी पाणी साचलं की ती फुगते, मग बसते. रांगेतल्या पाच घरांची मागची भिंत सलग आहे, म्हणून आम्ही आढंही सलग ठेवलं. प्रत्येकाने आपलं छप्पर वेगळं काढलं असतं तर सामाईक भिंतीच्या डोक्यावर पन्हळ आली असती, आणि गळती नेमकी तिथेच होते. सलग छपरात दक्षिण रांगेच्या मागच्या उताराचं पाणी गल्लीत पडतं, उत्तर रांगेच्या पुढच्या उताराचं अंगणात, आणि तिथून भिंतीखालच्या मोरीने त्याच गल्लीत. गल्लीला 1:100 उतार द्यायचा तर 86 मीटरमध्ये 86 सेंटिमीटरची घसरण लागते. तेव्हा टोकाचा हमरस्ता खाली असायलाच हवा आणि दहाही जोती त्या हिशेबाने पायरीपायरीने उतरायला हवीत. म्हणजे प्लॉट वाटण्याआधी पातळ्या ठरवायला लागतात. आमच्याकडे उलट चालतं: आधी प्लॉट विकतात, पाण्याचं पावसाळ्यात बघतात. मुंबईतल्या जुन्या इमारतींमागच्या हाऊस गल्ल्या याच कामासाठी ठेवलेल्या होत्या. खिडकीतून कचरा फेकून आपण त्या बुजवल्या, आणि साफ करायला माणसाला त्यात उतरवलं.

दहा प्लॉट क्षेत्रफळाने सारखे. तरी उत्तरेच्या रांगेतल्याची जागा बोळात जाते आणि त्याचं हिवाळ्यातलं ऊन समोरच्याच्या वरच्या मजल्यावर ठरतं. वरचा मजला कुणी आणि कधी चढवायचा, यावर शेजाऱ्याचं काही चालत होतं का? काही घरांच्या अंगणात जिन्याचे दगडी पाये मिळाले आहेत, म्हणजे मजले होते एवढं नक्की. मॉडेलमध्ये वरचे मजले आता सुटे केलेत, आणि जिथे जिन्याचा पाया नोंदलेला आहे तिथेच ते ठेवायचे असं ठरलंय. एकेक मजला चढवत प्रत्येक मागच्या घराची सावली मोजायचं काम चालू आहे.